तीन ताटं, एकच माप

या, अशा जवळ सरका. मागं बसलेल्यांनीही पुढं यावं. गोष्ट एका घरातली आहे आणि घरातली गोष्ट ओरडून सांगू नये! ऐका तर.

एक होते काटेवाले. हे आडनाव नव्हे हो, धंदा! दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे आणि बरोबर आहेत अशी खात्री पटली की तारेत ओवून शिशाचं सील ठोकायचे. नजर इतकी बारीक की काट्यावर माशी बसली तर विचारतील, "उपाशी की जेवलेली?"

त्यांचा एकच वेद होता. "दोन काट्यांवर एकच वजन ठेवा. आकडे वेगळे आले, की समजा कुणीतरी लबाडी करतंय. जगात दुसरं कारणच नाही!"

एकदा घरातल्या तिघांची, म्हणजे काटेवाल्यांची, बायकोची आणि म्हाताऱ्या आईची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वयं झाली आता. तिघांनीही साखरेवर लक्ष ठेवा."

"लक्ष?" काटेवाले छाती फुगवून म्हणाले. "बाई, माझ्या परवानगीशिवाय आमच्या घरात साखरेचा कण हलणार नाही!"

त्याच दिवशी बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र घरी आलं आणि दुकानातला लहान काटा स्वयंपाकघरात आला. तिघांच्या ताटात भात मोजून पडू लागला. रेसभर इकडे नाही की तिकडे नाही!

"अरे, एवढा भात माझ्या पोटात मावत नाही रे," आई म्हणाली. बिचारी चिमणीएवढी, खुर्चीत बसली तरी पाय जमिनीला टेकत नसत.

"आई, न्याय म्हणजे न्याय! सगळ्यांना सारखं!"

जेवण झालं, दोन तास गेले, बोटं पुढं आली. काटेवाल्यांचा आकडा शहाण्या मुलासारखा जागेवर बसला. बायकोचा मात्र चांगलाच वर गेला. आणि आईचा? तो तर पतंगासारखा भिरभिरत वर!

काटेवाल्यांनी डोळे बारीक केले. "काय खाल्लंत?"

"अहो, तुम्हीच वाढलंत ना!"

"वाढलं ते मला ठाऊक आहे. वाढल्यावर काय खाल्लंत?"

आधी यंत्रावरच संशय घेतला. स्वतःच्या दहाही बोटांना टोचून त्याची झाडाझडती घेतली. यंत्र निर्दोष सुटलं. मग राहिल्या कोण? दोघी!

दुसऱ्या दिवशी साखरेच्या डब्याला तार गुंडाळून सील ठोकलं. जॅमच्या बाटलीलाही ठोकलं. पाहुणे आले, त्यांना बिनसाखरेचा चहा प्यावा लागला आणि ते पुन्हा कधी आले नाहीत. पण आकडे? होते तिथंच! सील तर शाबूत!

"सील न फोडता साखर काढली!" काटेवाले पुटपुटले. "म्हणजे चोर अट्टल आहे!"

आता त्यांना सगळीकडे पुरावे दिसू लागले. बायको गुणगुणली, की तोंड गोड झालेलं दिसतंय! आई दुपारी डुलकी काढू लागली, की पोट भरलेलं दिसतंय! आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे सासू-सून एकमेकींशी प्रेमानं बोलत होत्या. "कटाशिवाय हे शक्यच नाही!"

शेवटी एका जेवणाला त्यांनी तो शब्द उच्चारला. "घरात चोर आहे."

बायकोचा घास हातातच राहिला. "मला चोर म्हणालात?"

"मी नाही, आकडा म्हणतोय."

"तुमच्या घरात इतकी वर्षं काढली. न विचारता कुणाच्या ताटातला दाणा उचलला नाही. आणि आज एका डबीच्या सांगण्यावरून चोर?" तिनं ताट बाजूला सारलं. "ठीक आहे. माझ्या अंगावरचा हा डाग निघेपर्यंत मी तुमच्याशी अवाक्षर बोलणार नाही!"

आई म्हणाली, "मीही नाही!" पण तिला राहवेना. लगेच म्हणाली, "मूर्ख आहेस, एवढं बोलून मग गप्प बसते."

पुढं काही दिवसांनी बायकोचा आकडा थोडा उतरला. तुम्ही-आम्ही आनंदलो असतो. काटेवाले? "हं! चोर सावध झाला!"

आणि मग त्यांनी पाहिलं, जेवण झालं की बायको हळूच दार लोटून बाहेर पडते. पावलांचा आवाज वर जातो. सगळ्यांत वरच्या मजल्यावर कोण राहतं? बेकरीवाला! काटेवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढच्या दुपारी ती जिन्यानं निघाली तसे हे लिफ्टनं सुटले आणि वर जाऊन बेकरीवाल्याच्या दारावर धाडधाड मुठी आपटल्या.

दार उघडलं. हातभर पीठ माखलेला बेकरीवाला समोर!

"माझी बायको बाहेर काढा!" काटेवाले गरजले.

"कोण?"

"भोळे बनू नका! रोज दुपारी येते! तुम्ही तिला चोरून काय काय देता ते मला सगळं ठाऊक आहे!"

आतून लाटणं घेऊन बेकरीवाली आली. तिनं काटेवाल्यांकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. "काय देता तुम्ही तिला?"

"अगं, देवाशप्पथ, काही नाही!"

"मग घामाघूम का झालात?"

"भट्टीपुढून आलो ना!"

"केक देतो तो केक!" काटेवाल्यांनी आगीत तेल ओतलं.

"केक? मला वाढदिवसालाही टोस्ट देता आणि तिला केक?" लाटणं वर गेलं.

तेवढ्यात जिन्याच्या कठड्याला धरून, लालबुंद होऊन, धापा टाकत काटेवाल्यांची बायको वर आली. बेकरीवालीनंच आधी ओळखलं. "अगं बाई, ही होय! ही तर रोज खालपासून वरपर्यंत चढते, दाराशी क्षणभर टेकते आणि परत उतरते. आत कधी पाऊल टाकलं नाही हो हिनं!"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जेवणानंतर हालचाल केली की साखर उतरते," बायको धापा टाकतच म्हणाली. बोलली, पण बेकरीवालीशी! "म्हटलं, आकडा उतरला तर माझी अब्रू तरी वाचेल."

काटेवाल्यांनी खाली मान घातली. तरी किडा वळवळतच होता. "पण मुळात चढला कसा?"

"हे डॉक्टरीणबाईंनाच विचारू दे यांना!" बायको बेकरीवालीलाच म्हणाली आणि नवऱ्याचं मनगट धरलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, या दोघी चणीनं तुमच्या निम्म्या! साखर ओढून घेतात ते स्नायू, तेही तुमच्याहून कमी. पाळी थांबली की बाईच्या शरीराला मिळणारा हार्मोन्सचा आधारही कमी होतो. आईंचं तर वय झालंय, त्यांचं शरीर सगळंच सावकाश करणार. आणि तुम्ही तिघांना भात एकाच मापानं वाढलात! यांची साखर चोरीनं नाही, तुमच्या न्यायानं वाढली!"

मंडळी, भगवंतानं घडवलेले काटे हे. प्रत्येकाचा तोल निराळा. तिथं आपलं सील चालत नाही!

"आणि तुमची सकाळची, उपाशीपोटीची साखर किती?" बाईंनी विचारलं.

"माझी? ती कशाला मोजायची? मी तर तपासणारा!"

"उद्या तिघंही न खाता या."

सकाळी बोटं टोचली. बायकोचा आकडा मर्यादेत. आईचा जरासा वर. आणि काटेवाल्यांचा? सगळ्यांच्या डोक्यावरून गेला!

"शक्यच नाही!" ते किंचाळले. "रात्रीपासून तोंडात घास नाही! अगं, खरंच सांगतो, मी काही खाल्लं नाही गं!"

"होतं असं," बाई म्हणाल्या. "पुष्कळ पुरुषांत ती आधी उपाशीपोटीच वाढलेली दिसते, बायकांत जेवणानंतर. रात्री यकृतच रक्तात साखर सोडत असतं."

काटेवाल्यांनी घाबरून बायकोकडे पाहिलं. आता डाव तिच्या हातात होता. सगळा हिशेब चुकता करता आला असता.

ती एवढंच म्हणाली, "मी कुठं काय विचारलं? चला, जेवण झालं की दोघं मिळून जिना चढू."

आई म्हणाली, "मी खाली बसून मोजते!"

तेव्हा मंडळी, घरात ताटं वाढाल तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या, जी न केलेल्या चोरीसाठी रोज जिना चढली. आणि जमलंच, तर दुसऱ्या मजल्यावर कठड्याला मिठी मारून "लिफ्टनं जाऊ या का गं?" म्हणणाऱ्या काटेवाल्यांचीही!