बसवंतरावांनी मानवत मुक्कामी डॉस चढविला त्याची हकिकत

श्रीशंभुमहादेवाचे चरणी मस्तक ठेवून कसबे मानवत, जिल्हे परभणी, येथील वर्तमान लिहिण्यास आरंभ केला. ही मोहीम कैसी जाहली याविषयी चहाचे हॉटेलांत नाना तऱ्हेची बोलणी उठली, ज्याने त्याने पदरचे तिखटमीठ लाविले, सबब खरे ते कागदावर यावे, इतकाच हेतू.

शके १९१२, प्रमोद नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. राजश्री बसवंतराव, टायपिंग इन्स्टिट्यूटचे खावंद, यांचे मनी आले की टाइपरायटरची दौलत सरत आली, आता संगणकाचा मुलूख काबीज करावा. हैदराबादेस एक कचेरी मोडीत निघाली होती, तेथील म्हातारा संगणक गोधडीत गुंडाळून, पेटी पायाशी आणि पडदा मांडीवर घेऊन, खाशी स्वारी एस.टी.ने गावी दाखल जाहली. विकणाराने यंत्रातील जुना कारभार पुसून टाकिला होता आणि डॉस नामे नवा कारभारी फ्लॉपी म्हणजे पातळ चकतीत घालून सोबत दिला होता. यास संगणकाचे पोटात बसविणे, त्यावाचून यंत्र म्हणजे नुसता पत्रा, ऐसी ताकीद होती.

वर्गाचा मुहूर्त चंपाषष्ठीचा. बसवंतरावांचे कुटुंब सौभाग्यवती सिद्धम्मा यांनी घरोघर फिरून मुली गोळा केल्या होत्या. मुलींचे वडिलांचे फर्मान ऐसे की, गावात शिकणे होईल तर शिकावे, रोज परभणीस धाडणे नाही, आणि वर्ग न उघडेल तर आम्ही स्थळे पाहावयास मोकळे. सिद्धम्मांनी सर्वांना जबान दिली होती.

पंचमीचे सकाळी बसवंतरावांनी यंत्रास विभूतीचे पट्टे ओढिले, बेल वाहिला, हवा खेळावी म्हणून खिडक्या सताड उघडिल्या आणि फ्लॉपी आत सारिली. प्रथम फौज बरी चालली. मग मध्येच घर्र घर्र आवाज जाहला, तांबडा दिवा डोळा वटारून राहिला, आणि पडद्यावर निर्वाणीचा खलिता उमटला: अबॉर्ट, रिट्राय, फेल. म्हणजे मोहीम सोडणे, पुन्हा चालून जाणे, अगर हार कबूल करणे. बसवंतराव जातीचे शूर, त्यांनी रिट्राय केला. पुन्हा तोच खलिता. मग फ्लॉपी काढून फुंकर घातली आणि रिट्राय केला, मग देवाचे नाव घेऊन केला, मग यंत्रास एक चापट देऊन केला. दोनप्रहरी वीज गेली आणि आली, आणि यंत्राने साफ कळविले की आपणांजवळ कोणीही कारभारी नाही.

बसवंतराव बहुत कष्टी जाहले. सिद्धम्मांनी ताट वाढिले ते त्यांनी सारून दिले.

“मंग माणिकरावकडं जा,” सिद्धम्मा म्हणाल्या.

हे नाव त्या घरात उच्चारू नये ऐसा रिवाज होता. राजश्री माणिकराव हे पलीकडचे गल्लीतील दुसऱ्या इन्स्टिट्यूटचे खावंद. पूर्वी दोघांची एकच गादी. परंतु शिकणाराने कळांकडे पाहू नये म्हणून त्यांवर पत्र्याचे झाकण घालावे ऐसा माणिकरावांचा पक्ष, आणि झाकणाने पोरी बिचकतात ऐसा बसवंतरावांचा. त्यावरून एके दिवशी शब्दास शब्द लागला, झाकण खिडकीबाहेर गेले, आणि टाइपरायटरांची वाटणी होऊन बोलणे खुंटले. पुढे माणिकराव हैदराबादेस मेहुण्याकडे राहून संगणक शिकून आले, मात्र यंत्र घेणे त्यांना साधले नाही. हे सारे कसब्यास ठाऊक होते.

“मी न्हाई जायचा,” बसवंतराव म्हणाले.

“मंग मी जाते. त्यांनी तुमच्याशी बोलणं सोडलंय, माज्याशी न्हाई. पोरींच्या आयांला शबुद मी दिलाय.”

तेव्हा इलाज राहिला नाही. बसवंतराव निघाले, आणि बाजाराकडे चाललेल्या कापसाच्या गाड्यांमधून वाट काढीत मनात भाषण जुळवू लागले, की झाले गेले विसरावे, आपण उभयता एका पेशाचे, वगैरे. माणिकरावांनी दार उघडिले. भाषण जागीच हरपले आणि तोंडातून इतकेच निघाले:

“रिट्राय म्हनायलंय.”

माणिकरावांनी त्यांजकडे निरखून पाहिले. “कवापासून?”

“सकाळपासून.”

माणिकराव आत गेले, रेशमी कापडात गुंडाळलेली आपली एकुलती डॉसची फ्लॉपी घेतली आणि पायांत वहाणा सारिल्या.

येताच माणिकरावांनी आपली फ्लॉपी यंत्रात सारिली. घर्र घर्र. तोच खलिता. त्यांनी ती बाहेर ओढिली, तो तिचे कडेस पांढरे पुंजके. इतके वर्षांनी माणूस दारी आला आणि त्याची एकच ठेव आपण नासविली! आता वैर नातवंडांपर्यंत चालणार, ऐसे त्यांस वाटले आणि त्यांनी खाली मान घातली.

माणिकरावांनी पुंजका चिमटीत धरिला आणि हसू लागले. “आवो, ही रुई हाय! खिडक्या उघड्या टाकून बसलाय, आन ह्यो पेटीतला पंखा सकाळपासून बाजाराचा कापूस आत वढायलाय. सीझनमधी आपल्या टाइपरायटरचा ‘ई’ असाच बुजायचा, याद हाय का?”

“हाय की. मी टाचणीनं कोरायचो.”

“तुमी? कोरायचो मी!”

“लय झालं,” सिद्धम्मा म्हणाल्या, आणि खिडक्या लावून टाइपरायटरची कुंचली व स्पिरिटची बाटली दोघांमध्ये ठेविली.

मग बसवंतरावांनी पेचकसाने पेटी उघडिली, आणि माणिकरावांनी बत्ती धरिली, आणि आलटून पालटून दोघांनी कुंचली चालविली. इतकी रुई निघाली की समईस वाती पुरल्या असत्या. मग तीच फ्लॉपी हळूच फिरवून स्वच्छ केली आणि आत सारिली. या खेपेस घर्र न होता दिवा लुकलुकला, मजकूर सरसर उतरू लागला, आणि दिवेलागणीस डॉस महाराज संगणकाचे पोटात जाऊन बसले. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, तो ते आपले पायांवर उभे राहिले.

उभे राहताच त्याने तारीख विचारिली. बसवंतरावांनी बावीस, अकरा, नव्वद ऐसे टंकिले. यंत्राने ती तारीख नामंजूर केली.

“अमेरिकेचं हाय ते. त्याला म्हैना आदी लागतो,” माणिकराव म्हणाले. “पण काहीच न्हाई घातलं तरी चालतं. मंग ते समजतं, एकोणीसशे ऐंशी, जानेवारीची पहिली.”

बसवंतरावांची बोटे कळांवर थांबली. “ऐंशी साली,” ते म्हणाले, “आपलं एकच दुकान होतं.”

माणिकरावांनी बत्ती मालवून खाली ठेविली. “मंग ऱ्हाऊ द्या की ऐंशीच.”

बसवंतरावांनी काही न लिहिता कळ दाबिली. सिद्धम्मा चहा टाकावयास गेल्या.

चंपाषष्ठीस वर्ग उघडला. झाडून साऱ्या मुली आल्या, त्यांना बसवंतरावांनी बोटे ठेवावयास शिकविले आणि माणिकरावांनी डॉस. पत्र्याचे झाकणाविषयी तह ऐसा ठरला की तो विषय सिद्धम्मांचे परवानगीवाचून काढणे नाही. येणेप्रमाणे फत्ते जाहली. वर्गाची तारीख पंचांगाप्रमाणे शके १९१२, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, आणि यंत्राप्रमाणे सन १९८० चे जानेवारीची पहिली. उभय पक्षांस दोन्ही मंजूर.