मेथीवर बहिष्कार

मेथीची जुडी चाळीस रुपयांना घ्यायची नाही, एवढा एकच निर्णय सुदर्शननं त्या संध्याकाळी घेतला. निर्णय तत्त्वाचा होता. आणि सुदर्शनचं तत्त्व बाजारात गेलं की पिशवी रिकामी परत येते, हे त्याच्या बायकोला, तनुजाला, लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

सुदर्शन मूळचा माहूरचा. लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायचा. (तासिका तत्त्व म्हणजे तास आज घ्यायचा आणि पगाराची वाट पुढच्या दिवाळीपर्यंत पाहायची. मागणी आणि पुरवठा यांच्यातली दरी तो स्वतःच्या खिशातून समजावून सांगू शकत असे.) महागाई, दलाली, साठेबाजी हे शब्द ऐकले की त्याचे कान गरम व्हायचे. वर्गात त्याचा तास रंगायचा. घरात तनुजा म्हणायची, "तास संपला असला तर गॅस सिलिंडर लावा."

दुसऱ्या दिवशी येळवस होती. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. त्या दिवशी लातूरकडचा माणूस घरात जेवत नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो, ज्याला नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात बोलावतं. काळ्या आईची पूजा, मडक्यातली आंबट आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि भज्जी. ही भज्जी तळलेली नव्हे. मेथी, हरभऱ्याचा पाला, पातीचा कांदा, वाटाणे, तुरीचे सोले, वांगी, गाजरं, रानात जे जे पिकतं ते सगळं बेसनात एकत्र शिजवलेली पातळ भाजी. त्यामुळं आदल्या संध्याकाळी सगळं शहर तीच ती भाजी घ्यायला एकदम गंजगोलाईच्या बाजारात उतरतं आणि एरवी दहा रुपयांत पदरात पडणारी मेथी ओळख दाखवत नाही.

"चाळीस?" सुदर्शन भाजीवाल्या साखराबाईला म्हणाला. "मावशी, परवा दहाला दिली होती तुम्ही!"

"परवा येळवस नव्हती, सर."

"ही लूट आहे. सणाच्या नावावर लोकांना लुटून राहिले तुम्ही."

"मग लुटून न्या की. हे घ्या, पस्तीसला न्या. उगं तोंड नका पाडू."

"प्रश्न पाच रुपयांचा नाही. उद्या दहाला घेईन."

साखराबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. "उद्या म्या नसते, सर. उद्या हितं कुत्रं बी नसतं."

विक्रीची ही युक्ती सुदर्शननं लगेच ओळखली. 'स्टॉक संपत आला' ही भीती घालून माल खपवण्याची पद्धत त्यानं वर्गात शिकवली होती. आणि त्याच्याकडं स्वतःचा अनुभवही होता. माहूरला नवरात्रात गडाखाली फुलं-नारळांचे भाव असे चढायचे, की भाविकांनी देवीआधी दुकानदारालाच हात जोडावेत. पण गर्दी ओसरली रे ओसरली, की तेच दुकानदार हाका मारमारून नारळ गळ्यात घालायचे. तेव्हा आज गर्दी, उद्या सकाळी उरलेला माल, आणि भाजी तर नाशवंत. हिशेब स्वच्छ होता.

घरी तनुजा मोठं पातेलं घासून वाट बघत होती.

"भाजी?"

"उद्या सकाळी. भाव पडणारेत."

"उद्या?" तनुजाच्या हातातला काथ्या थांबला. "अहो, भज्जी पहाटं शिजती. आणि उद्या भाजी कोण इकतंय?"

"तू मला बाजार नको शिकवू, तनू."

"बाजार न्हाई शिकवत. येळवस शिकवायली."

तनुजा निलंग्याची. वडील एसटीत कंडक्टर, नावावर जमिनीचा तुकडा नाही. लहानपणापासून ती दर येळवशीला दुसऱ्याच्या बांधावर जेवली होती. बोलावणारे प्रेमानं बोलवायचे, आग्रहानं वाढायचे, पण जाताना आईच्या हातात काही नसायचं आणि येताना डबा भरलेला असायचा, हे तिला बोचायचं. लग्नानंतरही तेच. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण कस्तुराकाकू दरवर्षी औसा रोडवरच्या आपल्या शेतात सगळ्या भाडेकरूंना न्यायच्या. यंदा तनुजानं हिय्या करून त्यांना सांगितलं होतं, "काकू, औंदा भज्जी माझी. सगळ्यांना पुरंल एवढी." काकू म्हणाल्या, "बरं. मग आम्ही भज्जी टाकत न्हाई, बघ." म्हणजे आता तनुजानं नेली नाही, तर पंचवीस माणसं भज्जीवाचून येळवस करणार होती.

हे सगळं सुदर्शनला माहीत होतं. पण तत्त्वाचा माणूस डोळ्यांसमोरचं बघत नाही. त्याची नजर लांबवर असते. त्यानं आतल्या खोलीत बसून बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक आवाहन टाकलं, 'आजच्या चढ्या भावावर बहिष्कार! आपण एक रात्र थांबलो, तर बाजार आपल्यापुढं झुकेल!' ताबडतोब अंगठे आले. समोरच्या दारातल्या ताहेर टेलरनं तर मूठ आवळलेलं चित्र टाकून लिहिलं, 'सर, आपण पूरे साथ में.' सुदर्शनला इतकं बरं वाटलं, की जिन्यात बराच वेळ चाललेली पावलांची ये-जा त्याच्या कानावर पडली नाही.

सकाळी तनुजा घरात दिसली नाही. खाली काकूंना मदत करायला गेली असेल, असं समजून त्यानं पिशवी घेतली, ताकासाठी कडीचा डबा घेतला आणि स्कूटर काढली.

गंजगोलाईत खरंच कुत्रं नव्हतं.

एक दुकान उघडं नाही, एक गाडा नाही, चहाची टपरी नाही. साखराबाईच्या जागेवर गोणपाटाची घडी आणि त्यावर दगड. सुदर्शन गोलाईला दोन चकरा मारून आला, जणू तिसऱ्या चकरेला बाजार उगवणार होता. चौकात एक हवालदार तेवढा उभा होता.

"काय पायजे?"

"मेथी."

हवालदारानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज लातूर पायजे असंल तर शेतात जा, सर. हितं नुसत्या भिंती हायत्या."

तेव्हा कुठं सुदर्शनच्या ध्यानात आलं, की माहूरचा दुकानदार सणाला दुकानात असतो आणि लातूरचा दुकानदार सणाला सणात असतो. साखराबाई खोटं बोलली नव्हती. त्याच्या पुस्तकात ग्राहकाला सण असायचा. विकणाऱ्याला सण असतो, असं एकाही धड्यात नव्हतं.

(कुणी दुसरा असता तर इथून घरी गेला असता. पण सुदर्शन चूक अर्धवट सोडणारा माणूस नव्हता.) बाजार शेतात गेला असेल, तर भाजीही शेतातच असणार. मग दलालही नको! थेट शेतकऱ्याकडून! त्यानं औसा रोड धरला. खिशात फोन वाजत होता, तनुजाचा. भाजी हातात आल्याशिवाय काय बोलायचं, म्हणून त्यानं तो वाजू दिला.

पहिल्याच शेतात कडब्याची खोप, तिच्यापुढं चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड आणि पंगत मांडलेली. धोतरातल्या म्हाताऱ्यानं लांबूनच हात केला. "या, पाव्हणं! बसा!"

"बसायचं नाही, आजोबा. मेथी पाहिजे. विकत."

"इकत?" म्हातारा, शिवप्पा त्याचं नाव, हसायला लागला. "आज काटा धरत न्हाईत. रानाला इळा बी लावत न्हाईत. ऊटा माडरी!" सीमेकडचं कानडी म्हाताऱ्याच्या तोंडात होतं. जेवा म्हणतोय, हे समजायला सुदर्शनला भाषांतर लागलं नाही, कारण दोन पोरांनी तोवर त्याला खांदे दाबून बसवलं होतं.

भज्जी, दोन उंडे, तिळाची पोळी, वर तांब्याभर आंबील. उठताना त्यानं पुन्हा विचारलं, "आजोबा, दोन जुड्या तरी?"

"कच्ची न्हाई. डबा हाय न्हवं? शिजलेली न्या." आणि डब्यात दोन पळ्या पडल्या.

दुसऱ्या शेतात हेच. तिसऱ्यात खीर होती. रस्त्यावरून माणूस दिसला की त्याला हाक जायची आणि ती मोडायची सोय नव्हती. अर्थशास्त्राचा नियम असा, की प्रत्येक पुढच्या घासाचं समाधान कमी कमी होत जातं. चौथ्या शेतापर्यंत सुदर्शननं हा नियम पोटाच्या शून्य समाधानापर्यंत सिद्ध केला.

चौथं शेत श्रीमंत आणि सिंधु या नवरा-बायकोचं. तिथं तो अक्षरशः रडकुंडीला आला. "वहिनी, जेवण नको. घरात भाजीची काडी नाही. बायकोला शिजवायला काही नाही. काहीतरी द्या."

सिंधुचा चेहरा पडला. "काय करता तुम्ही?"

"शिकवतो. कॉलेजात."

"पगार?"

"येतो... कधी कधी."

सिंधुनं पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, मास्तरच्या घरात सणाला भाजीची काडी न्हाई!" श्रीमंतनं डबा काठोकाठ भरला, वर दोन उंडे दाबले. सुदर्शन गैरसमज दूर करणार होता, पण तोंडात पोळी होती.

स्कूटर ढकलल्यासारखी चालवत तो निघाला. दोन्हीकडं ज्वारी, मध्येमध्ये करडई, आणि जागोजाग झाडाखाली जेवणारी माणसं. पोट जड झालं की डोकं हलकं होतं म्हणतात, पण त्याचं डोकंही जड झालं. चाळीस रुपये जास्त होते, हे खरंच. आपल्यासारख्यांना ते परवडत नाहीत, हेही खरं. पण हा राग साखराबाईवर का काढला? खताचे, डिझेलचे, कॉलेजच्या फीचे भाव वाढतात तेव्हा आपण ग्रुपवर नुसता रडका चेहरा टाकतो. आणि जिचं सगळं दुकान एका गोणपाटावर मांडलेलं असतं, तिच्याशी लढताना आपल्याला क्रांती सुचते. आणि तनू? तिला मेथी स्वस्त नको होती. तिला एकदा, एकदाच, भरल्या हातानं जायचं होतं. आपण तिचे तेवढे चाळीस रुपये वाचवले.

आता चार शेतांची भज्जी भरलेला डबा नेऊन तिच्या हातात द्यायचा. म्हणजे तिच्या आईचाच तो दुसऱ्यांनी भरलेला डबा पुन्हा, फक्त येतानाऐवजी जाताना.

कस्तुराकाकूंच्या शेतात तो पोचला तेव्हा पंगत बसली होती. आणि पंगतीच्या मधोमध, पदर खोचून, मोठ्या पातेल्यातून तनुजा भज्जी वाढत होती.

सुदर्शन गोठला. ताहेरनं त्याला बाजूला ओढलं. "सर, फोन तो उचलायचा! वहिनींनी सगळी भाजी कालच आणली. तुम्ही ग्रुपवर लिहीत होता ना, तेव्हाच. माझी शकिला बी गेली होती सोबत. काकूंच्या चुलीवर पहाटे शिजवली."

"आणि बहिष्कार? तू तर म्हणालास पूरे साथ में!"

"साथ में होतोच की. बाजारात सगळी बिल्डिंगच साथ में होती." ताहेरची बायको शकिला तोंडावर ओढणी धरून हसत होती.

तेवढ्यात कस्तुराकाकूंनी पहिला घास घेतला. सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. काकू कौतुकाला फार चिक्कू. त्यांनी दुसरा घास घेतला, मग वाटी पुढं केली आणि म्हणाल्या, "वाढ की. बघती काय?"

तनुजाच्या चेहऱ्यावर जे आलं, ते सुदर्शननं लग्नात पाहिलं नव्हतं. त्यानं पटकन तोंड वळवलं. (थोडी आंबीलही वर आली होती.) डबा त्यानं हळूच कडब्यामागं सरकवला. आता कुणाला काही कळण्याचं कारण नव्हतं.

"हितंच गेलं बघा ते मास्तर! स्कूटर हाय!"

बांधावरून सिंधु येत होती. डोक्यावर पातेलं, मागं श्रीमंत आंबिलीचं मडकं घेऊन, आणि त्यामागं शिवप्पा म्हातारा, उंड्यांची टोपली काखेत.

"आत्ती," सिंधु कस्तुराकाकूंना सांगू लागली, "एक गरीब मास्तर हिकडं आलंय. पगार न्हाई, घरात काडी न्हाई. बायकू उपाशी बसलीया म्हणं. सकाळपासून डबा घेऊन शेतोशेत मागून खायलंय, हे आजोबा बी सांगायले. आमच्या जिवाला लागलं, म्हणून घेऊन आलो. हितं तिच्यासाठीच आलं असंल. कुठाय ती माउली?"

पंगतीतला प्रत्येक घास जिथल्या तिथं थांबला. सगळ्या माना आधी सुदर्शनकडं वळल्या, मग तनुजाकडं. तिच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच थांबली. इतक्या वर्षांत एकदा ती देणारी झाली होती, आणि नवऱ्यानं अख्ख्या शिवारात तिच्या नावानं मागून घेतलं होतं.

तनुजानं पळी खाली ठेवली. पुढं होऊन सिंधुच्या डोक्यावरचं पातेलं उतरवून घेतलं. "लांबून आलात, ताई. आजोबा, तुम्ही बी टेका. आधी माझी भज्जी खा, मग तुमची सगळे वाटून खाऊ."

तिघंही बसले. तिनं वाढलं, आग्रह केला, पुन्हा वाढलं. सिंधुनं बोटं चाटली. "लई झाक झालीया, बाई." मग तिची नजर कडब्याला टेकून उभ्या असलेल्या सुदर्शनवर गेली. "अगं, हेच ते मास्तर! तुमच्यातलंच कुणी हाय का?"

सुदर्शननं तनुजाकडं पाहिलं.

तनुजानं त्याला नीट न्याहाळलं. पोटावर ताणलेला शर्ट, मिशीला लागलेली खीर.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "कोण की. वाटंनं चालले असतील. पण असू द्या, येळवशीला दारचं माणूस उपाशी पाठवत न्हाईत." आणि त्याच्यापुढं पत्रावळ टाकून तिनं तीन पळ्या भज्जी वाढली, वर दोन उंडे ठेवले, आणि जवळ उभी राहिली. "खावा, पाव्हणं. लाजू नका. कमी पडली तर सांगा."

सुदर्शननं पँटचा हूक सोडला आणि खाली मान घालून पाचवं जेवण सुरू केलं.