हौसाची निळी अंडी

एका जंगलात, मुलांनो, हौसा नावाची एक कोंबडी राहत होती. तिची अंडी निळी असायची. तिच्या आईचीही निळीच होती आणि आजीचीही. त्यांचं वाणच तसं होतं.

शेजारच्या तानूबाई कोंबडीला वाटलं, पोरीला काहीतरी आजार आहे. तिने हौसाला आठवडाभर कडुनिंबाचा पाला खायला लावला. हौसाचं तोंड कडू झालं. अंडी निळीच राहिली.

मग पलीकडच्या जंगलातून एक धनेश पक्षी पाहुणा आला. बोलता बोलता तो म्हणाला की, आमच्याकडे निळं अंडं फार मानाचं समजतात. झालं. ओढ्यावरच्या परटाची नीळ चार दिवसांत संपली. जी ती कोंबडी अंडी रंगवू लागली. तानूबाई सर्वांत पुढे होती.

त्या जंगलाचा राजा गवा होता. तो गवत खायचा, त्यामुळे अंड्यांबाबत त्याचं मत निःपक्षपाती मानलं जायचं. त्याने निळं अंडं हे जंगलाचं वैभव म्हणून जाहीर केलं आणि खरं-खोटं ठरवायला एका मुंगसाला नेमलं.

मुंगूस अंडं चाटायचा. जीभ निळी झाली की अंडं खोटं. तानूबाईचं अंडं चाटल्यावर त्याची जीभ तीन दिवस निळी होती. हौसाचं अंडं त्याने चाटलं, घासलं, शेवटी फोडून खाल्लं. कवच आतूनही निळं होतं. पूर्ण खात्री व्हावी म्हणून त्याने आणखी दोन खाल्ली. उरलेली चार वाजतगाजत दरबारात नेली आणि उंच दगडावर मांडली.

हौसा मागोमाग धावत गेली. कौतुक तिला नको होतं, पिलं हवी होती.

"महाराज," ती म्हणाली, "अंडी गार पडताहेत. मला त्यांच्यावर बसू द्या."

राजा दुखावला. "बाई, वैभवावर कोणी बसतं का?"

हौसा घरी आली आणि तिने दोन दिवस दाणा टिपला नाही. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि ओढ्याकाठची चुनखडी पायांनी कुटू लागली. पुढच्या खेपेला सात अंडी झाली. तिने एकेक चुन्यात लोळवलं, वाळवलं आणि ती वर बसली.

मुंगूस तपासणीला आला. पांढरी अंडी बघून त्याचा चेहरा पडला. त्याने विचारलं, हे काय झालं?

हौसाने मान खाली घातली. "बरी झाले, साहेब."

पांढरी अंडी मुंगसाच्या खात्यात येत नव्हती. तो निघून गेला. पण दरबारात काहीतरी न्यायला हवंच होतं. जाता जाता त्याने तानूबाईची अंडी न चाटताच खरी ठरवली.

एकविसाव्या दिवशी हौसाची सातही पिलं बाहेर आली. आता निळी अंडी कशी घालावीत यावर तानूबाई दर पंधरवड्याला व्याख्यान देते. हौसा पिलांना घेऊन पहिल्या रांगेत बसते आणि मनापासून पंख फडफडवते.

तात्पर्य : खोटा रंग पाण्याने जातो. खरा कशानेही जात नाही, म्हणून त्याला वेळीच चुना लावावा.