मिशीवाल्या जासुदाचे बारसे

श्रीकुलस्वामिनी समर्थ, तिने गडांस आणि लेकरांस सारखेच सांभाळावे. शके सोळाशे पन्नास, कीलक नाम संवत्सरे, वैशाख मास. तिथी गुप्त खात्याने कळविली नाही. ते समयी एक राज्य होते, आणि तेथील गुप्त खात्याचे मुखत्यार रायाजीपंत बहुत सावध गृहस्थ. त्यांणी तोफेस 'थोरली काकी' म्हणविले आणि बारुदीस 'मेतकूट', आणि खुद्द महाराजांस 'द. भा.', म्हणजे दहीभात. मग प्रत्येक जासुदास सांकेतिक नाव ठेवून नवा हुकूम केला की, नाव सांगेल त्यासच दरवाजा उघडावा, आणि नावे इतकी गुप्त राखिली की ज्याची त्यासही कळविली नाहीत.

ऐशांत महाराज स्वारीस गेले, शिक्का पंतांजवळ राहिला, आणि सटवाजी नाईक जासूद धापा टाकीत दरवाजाशी येऊन ओरडला, "शत्रूची फौज करवंदीच्या खिंडीकडे निघाली! आत्ता खिंड अडवा, नाही तर सांजेस गडाला वेढा पडेल!"

"नाव सांग," पंत तटावरून बोलले.

"अहो मामासाहेब, मी सटवा! तुमच्या बहिणीचा जावई!"

"ते खरे नाव. आम्ही खोटे विचारतो."

"ते मला कोणी सांगितलेच नाही!"

"सांगितले असते तर गुप्त कसे राहिले असते?"

आणि निनावी माणसाच्या बातमीवर फौज हलवू नये, ऐसेही कलम असल्याने सर्वांनी ऐकिले आणि कोणी हलले नाही.

दरवाजावरच्या खिडकीत राणी वेणूबाईसाहेब बाळराजांस चिऊकाऊ दाखवून दूधभात भरवीत होत्या, त्यांणी वाटी खाली ठेविली. गडावर दुभती गाय एक, वेढा पडला आणि ती आटली तर लेकराने प्यावे काय? मग त्या बोलिल्या, "पंत, बिननावाच्यास आत घेता येत नाही, एवढेच ना? मग आपण बारसे करू. नाव कानातच सांगतात, चारचौघांत नव्हे. गुप्तच की!"

पंतांणी बहुत विचार केला, परंतु बारशास मनाई करणारे कलम सापडेना.

मग राणीसाहेबांणी "नाईक, खोकला, खरूज काही नाही ना?" ऐसे आधी विचारून घेतले, आणि बाळराजांचा पाळणा दोरांनी खाली सोडविला, आणि नाईक गुडघे हनुवटीस लावून त्यात बसला, आणि पाळणा वर ओढून खिडकीबाहेरच टांगता ठेविला, म्हणजे इसम हुकुमाप्रमाणे बाहेरच राहिला.

"अगंबाई, पण आत्या कोण?" दासी पुसो लागल्या.

"नाव ज्यास ठाऊक, तोच आत्या," राणीसाहेब बोलिल्या.

मग पंत तटावरून खिडकीत आले, पडू नयेत म्हणून दोघा शिपायांणी त्यांचा शेला धरिला, आणि ते खिडकीबाहेर ओणवून नाईकाचे कानाशी कुर्र करून नाव सांगते जाहले, आणि बायकांणी रीतीप्रमाणे आत्याचे पाठीत धपाटे घातले, ते जरा जोराचेच.

नाईक कानापर्यंत लाल जाहला. "मामासाहेब, दुसरे नाही का एखादे?"

"आधी सांग!"

नाईक पंतांचे कानात पुटपुटला, पंतांणी मान डोलविली, दरवाजा उघडला, आणि फौज धावत जाऊन खिंडीत धोंडे लोटती जाहली, आणि शत्रू येऊन पाहतो तो वाट बंद. मग तो आल्या पावली परतला.

इकडे आईच्या कडेवरून सारे ऐकिलेले बाळराजे नुकतेच बोलू लागलेले, ते टाळ्या पिटून अवघ्या गडास ऐकू जाईल ऐसे ओरडले, "छकुली! छकुली!"

"घात जाहला! नाव फुटले!" पंत बोलले. "पुन्हा बारसे करणे आले."

"आता पाळणा मिळायचा नाही," राणीसाहेब बोलिल्या. "कडुनिंबाच्या पाण्याने धुवायला काढला आहे."

ते नाव फुटत फुटत शत्रूचे कानी गेले, आणि त्याचे स्वार बातमी फोडणाऱ्या छकुलीस धरावयास गावोगाव फिरले, आणि लहान मुलींची घरे दाखवावयास एक मिशाळ वाटाड्या त्यांणी मजुरीवर घेतला, तो सटवाजी नाईकच होता. त्याणे त्यांस रानोमाळ इतके फिरविले की घोडी लंगडी जाहली.

एवंच राज्य राहिले, बाळराजांस दूध मिळाले, पंतांची पाठ शेकावी लागली, आणि पुढे ज्याचे नाव त्यास आधी सांगावे, ऐसा ठराव जाहला. पाळणा वाळला, बखर आटोपली.