कोरडा जलविहार

कोणत्याही चांगल्या वस्तूचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तिचा वापर. छत्री पावसात नेली की भिजते, पुस्तक वाचलं की त्याचे कोपरे दुमडतात आणि माणूस कामाला लावला की झिजतो. हे सत्य जगाला पटायला अजून वेळ आहे. अभिजात नौका मंडळाला मात्र ते स्थापनेच्या दिवशीच पटलं. (त्या दिवशी मंडळाने आपली पहिली होडी पाण्यात सोडली. दुसरी सोडली नाही.)

मंडळाच्या होड्या सभासदांच्या गॅरेजांत, दिवाणखान्यांत आणि एका सभासदाच्या बाबतीत शयनगृहात असत. (सभासदाची पत्नी हॉलमध्ये झोपे.) सगळ्या लाकडी, सगळ्या आजोबांच्या वयाच्या आणि इतक्या चकाकणाऱ्या की त्यांच्यात बघून दाढी करावी. मंडळाच्या आकडेवारीनुसार होड्यांचं नव्वद टक्के नुकसान पाण्यामुळे होतं आणि उरलेलं दहा टक्के आत माणसं बसल्यामुळे. ही दोन्ही कारणं लांब ठेवल्यापासून मंडळाची एकही होडी बुडालेली नाही. इतका निष्कलंक इतिहास मोठमोठ्या आरमारांनाही सांगता येणार नाही.

अशा मंडळाच्या चिटणीसपदी आमचे दंतवैद्य एकमताने निवडून आले. ते अध्यक्षांचे जावई होते हा निव्वळ योगायोग. (असं अध्यक्षांनी स्वतःच सांगितलं, तेही कोणी विचारलेलं नसताना.) खरं कारण म्हणजे फटी. लाकडी होडी वर्षानुवर्षं कोरडी ठेवली की फळ्या आक्रसतात आणि त्यांच्यात फटी पडतात. फट दिसली की मंडळी तिच्यावर पॉलिशचा आणखी एक हात मारत. पण एका सभेत दंतवैद्यांनी खिशातला छोटा आरसा काढून एका होडीची तपासणी केली, "मागून डावीकडची तिसरी हलतेय," असं निदान केलं आणि दाढेत भरायचं सिमेंट तिथेच कालवून ती फट बुजवली. सभेने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मंडळाच्या होड्यांचे दात गावातल्या माणसांच्या दातांपेक्षा चांगले होते.

सगळ्यांत देखणी होडी अध्यक्षांची, म्हणजे दंतवैद्यांच्या सासऱ्यांची. तिच्या टोकाला सोनेरी अक्षरांत सासूबाईंचं नाव होतं. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी सासूबाईंना शब्द दिला होता, "तुझ्या नावाची होडी घेईन आणि तुला तिच्यातून नदीवर फिरवून आणीन." शब्दाचा पहिला अर्धा भाग त्यांनी वर्षभरात पुरा केला. दुसऱ्यासाठी ते चांगला दिवस बघत होते. आधी नवं पॉलिश वाळायचं होतं, मग मुलगी लहान होती, मग मुलीचं लग्न होतं, मग पुन्हा पॉलिश वाळायचं होतं. दर रविवारी सासरे मऊ फडक्याने ते सोनेरी नाव हळुवार पुसत, आणि जिचं ते नाव होतं ती बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघत भांडी घासत असे.

यंदा मात्र सासूबाईंच्या गुडघ्यांनी नोटीस दिली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, "आजी, यंदा पायऱ्या उतरून घ्या. पुढच्या वर्षीचं मी काही सांगू शकत नाही." सासूबाईंनी हे नवऱ्याला सांगितलं नाही. कवळी बसवून घ्यायला त्या जावयाच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांनी जावयाला सांगितलं.

"जावईबापू, यंदा मला होडीत बसायचंय. पाण्यावर. तुम्ही चिटणीस आहात ना?"

"आई, चिटणीस आहे म्हणूनच अवघड आहे."

"ते मला कळत नाही. नेताय ना एवढं माझं एक काम तडीला?"

दंतवैद्य मनाने अगदी मऊ माणूस. भूल दिलेल्या दाढेचीसुद्धा माफी मागून मग ती काढणारा. त्यांनी शब्द दिला. आणि दिल्या क्षणी त्यांना आठवलं, की मंडळाची वार्षिक शनिवार-रविवार सहल तोंडावर आली होती आणि तिच्या नियोजनाला सुरुवात झालेली होती.

मंडळाचं नियोजन म्हणजे बघत राहावं असं. सहलीसाठी एक हवामान उपसमिती होती, एक अल्पोपहार उपसमिती होती (हिचे अहवाल सर्वांत जाड) आणि कोणत्या नदीवर जायचं हे ठरवण्यासाठी एक नदी उपसमितीही होती. पंचक्रोशीत नदी एकच असल्यामुळे या उपसमितीत चुरशीची निवडणूक होई. यंदा तिचे प्रमुख होते मंडळाचे कायदेशीर सल्लागार, वकीलसाहेब. उपसमितीने पुलावर चहा घेत घेत नदीची सखोल पाहणी केली आणि अहवाल दिला: "नदीत पाण्याचे प्रमाण आक्षेपार्ह आढळले. ते सर्वत्र ओले असून एका जागी स्थिर राहत नाही. विचारणा करूनही नदीकडून सुरक्षिततेची लेखी हमी मिळालेली नाही."

दंतवैद्यांनी घसा खाकरला.

"पण साहेब, नदीत पाणी असणारच."

"तेच तर माझं म्हणणं आहे, डॉक्टर," वकीलसाहेब म्हणाले. "दरवर्षी घोडं तिथंच अडतं."

"एकच होडी सोडू या. थोडा वेळ. काठाकाठाने."

"कोणाची?"

हा प्रश्न असा होता की त्यावर सगळे एकमेकांच्या होडीकडे मोठ्या उदारपणे बघू लागले. शेवटी सासऱ्यांनी अध्यक्षीय अधिकारात तोडगा काढला. सहल नदीवरच होईल, फक्त 'वर' या शब्दाचा अतिरेकी अर्थ घेतला जाणार नाही. होड्या चाकांच्या गाड्यांवर लादून घाटाच्या उतारावर, नदीकडे तोंड करून उभ्या करायच्या. या स्थितीला 'जलसन्मुख' म्हणावं. सभासदांनी बूट काढून आळीपाळीने होडीत बसावं आणि हवेत वल्ही मारावीत. रविवारी हाच कार्यक्रम उलट दिशेला तोंड करून, म्हणजे परतीचा प्रवास. सर्वांत कमी वापरलेल्या होडीला मंडळाचा चांदीचा फिरता चषक. ठराव एकमताने पास. दंतवैद्यांचाही हात वर होता. चिटणिसाचा हात मोजणीसाठी वर असतोच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला नका सांगू. आईला सांगा. आणि डोळ्यांत बघून सांगा." बाई बापाची मुलगी होती, पण यात आईच्या बाजूने होती.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या दवाखान्यात कसली पाटी आहे हो?"

दंतवैद्यांना ती पाठ होती. पाटी त्यांनीच लिहून घेतली होती: 'कवळी वापरा. वापरत नसाल तेव्हा पाण्यात ठेवा. कोरडी पडलेली कवळी कोणाच्याही कामाची नाही.'

"माझे दात पाण्यात ठेवायला सांगता आणि होडी तेवढी कोरडी?" सासूबाई म्हणाल्या. "लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि फटी मिटतात. कोरडं ठेवून ठेवून तुम्हीच त्या पाडल्यात आणि वर सिमेंट भरताय. असू दे. मला नुसतं बसवा तिच्यात. पुढचं पुढे."

शनिवार उजाडला. चौदा होड्यांची मिरवणूक घाटावर आली. रस्त्यात दोन थेंब पडले तेव्हा मिरवणूक थांबवून होड्यांवर ताडपत्र्या घातल्या आणि सभासद भिजत उभे राहिले. (मंडळात शिस्त आहे.) घाटाच्या उतारावर गाडे ओळीने लागले, प्रत्येकाच्या चाकाखाली लाकडी पाचर ठोकली. नियमाप्रमाणे पाचरींची जबाबदारी चिटणिसाची होती. सभासद हवेत वल्ही मारू लागले. वकीलसाहेबांनी तर इतकी जोरात मारली की त्यांना थोडं मळमळलं आणि सुरक्षेसाठी खाली उतरवावं लागलं.

सासूबाई आल्या. सोबत उशी, छत्री आणि डबा. सासऱ्यांनी होडीत वर्तमानपत्र अंथरलं, बायकोला हात धरून चढवलं, आणि तिचे पाय वर्तमानपत्राबाहेर जात नाहीत ना हे वाकून बघितलं.

"झालं समाधान?" त्यांनी प्रेमाने विचारलं. खरंच प्रेमाने. मग ते चषक आणायला टेबलाकडे गेले.

सासूबाई नदीकडे बघत होत्या. नदी पाच पावलांवर होती. दंतवैद्यांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांना रडूच यायला लागलं. पाण्याच्या इतक्या जवळ आणून कोरडंच बसवलेलं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"जावईबापू," सासूबाई समोरच बघत म्हणाल्या, "ती पाचर काढा."

"आई, नियम..."

"दाढ काढताना एवढा विचार करता का?"

दंतवैद्य खाली बसले. पाचर घट्ट होती. पण या कामात त्यांचा हात कोणी धरणारा नव्हता. त्यांनी ती दोन बोटांत पकडली, डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, आणि सवयीने पुटपुटले, "जरासं दुखेल हं." आणि ओढली.

गाडा सुटला. होडी गाड्यासकट नदीत शिरली, गाडा तळाला बसला आणि होडी सुटून, अनेक वर्षांनी काहीतरी आठवल्यासारखी, पुढे सरकली. दंतवैद्य मोज्यांनिशी तिच्यामागे धावले आणि कसेबसे आत पडले. काठावर हाहाकार उडाला. "पॉलिश! पॉलिश!" असं ओरडत सासरे हातातल्या चषकासकट पाण्यात घुसले. पाणी कमरेइतकंच होतं. ही माहिती नदी उपसमितीच्या अहवालात नव्हती, कारण उपसमितीने चहा सोडून खाली पाहिलं नव्हतं.

आत मात्र चाळणी झाली होती. सगळ्या फटींतून पाणी येत होतं आणि दाढेचं सिमेंट टपाटप सुटत होतं. सासरे होडीची कड धरून उभे होते. रडावं की ओरडावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"अगं, भिजली गं ती!"

"अहो, तुम्हीही भिजलाच आहात. या आता आत," सासूबाई म्हणाल्या. "आणि तो चषक आणा इकडे."

तो फिरता चषक आजवर फक्त एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरला होता. सासूबाईंनी त्याने पाणी उपसायला घेतलं. चांगला तांब्याएवढा होता, भराभर काम झालं. दंतवैद्य डब्याच्या झाकणाने उपसत होते. सासरे आत आले आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी वल्ही धरली. हवेत वल्ही मारण्याचा आयुष्यभराचा सराव होता. पाण्यात मारली तर होडी चालते, हे बघून ते चकितच झाले.

"चालतेय की गं," ते म्हणाले.

"होडी आहे ती. चालणारच," सासूबाई म्हणाल्या आणि इतक्या मोकळ्या हसल्या की कवळी हाताने धरावी लागली.

वळणापर्यंत पाणी यायचं पुष्कळ कमी झालं. लाकूड पोटभर पाणी प्यायलं होतं. सासऱ्यांनी एक वल्हं सोडून हात पाण्यात बुडवला आणि बायकोच्या हातावर ठेवला. दंतवैद्य दुसरीकडे बघत झाकणाने उपसत राहिले. उपसायला आता काही फारसं नव्हतं.

मंडळाने त्याच संध्याकाळी तातडीची सभा घेऊन होडीबद्दल दुखवट्याचा ठराव केला. (होडी त्या वेळी घाटाला बांधलेली होती आणि छान डुलत होती.) 'वापरलेली' या शेऱ्यासह तिचं नाव अभिजात यादीतून काढलं, दंतवैद्यांना चिटणीसपदावरून कमी केलं, आणि यापुढे पाचरी वेल्डिंग करून बसवाव्यात असं ठरलं. लाकडाला वेल्डिंग कसं करायचं यासाठी उपसमिती नेमली. पुढे काही दिवसांनी वकीलसाहेबांच्या होडीत कोणीतरी बादलीभर पाणी ओतून ठेवल्याचं आढळलं. चौकशी समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब स्वतःच असल्यामुळे आरोपी अद्याप सापडलेला नाही.

पुढच्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्यांनी आपला शब्द पाळला. घाटाच्या पायऱ्या काही त्यांना उतरता आल्या नाहीत. खिडकीत बसून त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही, मी जाऊन आलेय." सासऱ्यांनी तेव्हा पुष्कळ वेळ डोळे पुसले, त्याच मऊ फडक्याने. दहा वर्षं आधी नेलं असतं तर किती रविवार मिळाले असते, असा काहीतरी हिशेब ते करत होते, आणि तो जुळत नव्हता.

वाचक सुज्ञ आहेत. असली येडी माणसं असतात तरी कुठे, म्हणून ते पोट धरून हसत असतील, आणि हसावंही. फक्त जरा बेताने हसा. बसलाय त्या सोफ्यावरचं प्लास्टिक फार वाजतंय.