गुलाबरावांचा पुकारा

आमच्या गल्लीत कोंबड्याच्या आधी गुलाबरावांचा पुकारा व्हायचा. अंगणात उभे राहून, तोंडाशी हात धरून ते कोर्टातल्या शिपायासारखे ओरडायचे, "गुलाबराव हाजिर हो!" आणि लगेच पुढं सरकून, हात जोडून स्वतःच म्हणायचे, "हाजिर हाये, साहेब." पुसदला नवीन आलेला भाडेकरू हे ऐकून दुसरं घर बघायला लागायचा. मी जुना शेजारी. मी फक्त कूस बदलायचो आणि मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या हासडायचो.

हा सराव उगाच नव्हता. कोर्टातल्या पहिल्याच तारखेला नावाचा पुकारा झाला तेव्हा गुलाबराव बाहेर कुणा अनोळखी बाईला तिचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते समजावत होते. आत त्यांची बायको सुमनबाई एकटीच उभी. तारीख पुढं गेली. "वकील नाई लावला म्हून गाफील राहाचं नाई," ते मला म्हणाले. "प्रोसिजर म्हंजे प्रोसिजर, राजेहो!"

प्रकरण घटस्फोटाचं होतं. त्यांच्या स्वतःच्या.

गुलाबराव एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. नोकरीभर त्यांनी नियम तसूभर हलू दिला नाही. आपल्याकडे गाडी थांबायच्या आत लोक खिडकीतून रुमाल, टोपी, प्रसंगी लेकरूसुद्धा आत टाकून जागा धरतात. गुलाबराव ते सगळे रुमाल गोळा करून बाहेर फेकत. "रुमालाचं तिकीट हाये का? मंग रुमाल बसन कसा?" समोर म्हातारी असो की पुढारी, उत्तर तेच.

निवृत्तीनंतर त्यांनी घेतलेला मिक्सर जळाला आणि दुकानदार तो बदलून देईना. गुलाबराव ग्राहक मंचात गेले, वकिलाशिवाय स्वतः बोलले आणि जिंकले. नवा मिक्सर घरात आला आणि त्याच्यासोबत कोर्टही आलं. भाजी खारट झाली की, "खुलासा दे." माहेरी जायचं म्हटलं की, "कारण सांग, मंग विचार करतो." सुमनबाईंनी जुनं काही बोलून दाखवलं की, "हे तवाच काहून नाई सांगतलं? आता मुदत संपली." आम्ही सगळे हसायचो. सुमनबाई हसत नव्हत्या. एके दिवशी पिशवी भरून त्या बोरी अरबला भावाकडे निघाल्या. जाताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, मले नवरा पाह्यजे होता. या मानसानं घरात कोर्ट मांडलं. आता खऱ्या कोर्टातूनच सुटका पाह्यजे."

गुलाबरावांनी बायकोची समजूत काढायला जायचं, तर ते अर्जाचा नमुना आणायला गेले. "दोघायची संमती असन तं वकील कायले? दोघायनं मिळून अर्ज द्याचा. साहेब विचार कराले सहा महिने देतात. मंग पुन्हा दोघायले विचारतात. मी लिहितो ना!" एखाद्याच्या साखरपुड्याची तयारी सांगावी, तशा उत्साहात ते हे सांगत होते.

सहा महिने गेले. पुढं आणखी तारखा गेल्या. प्रकरण काही संपेना. एकदा लग्नाचा फोटो जोडायचा राहिला. एकदा शपथपत्रावर सही राहिली. एकदा बायकोच्या माहेरचं गावच चुकलं. गल्लीतल्या लोकांचे अर्ज बिनचूक लिहून देणारा माणूस स्वतःच्या अर्जात असल्या चुका करतो, याचा मला राग यायचा. शेवटी मी म्हटलं, "गुलाबराव, लावा एखादा वकील. एका तारखेत मोकळे व्हाल."

"मोकळं कायले व्हाचं, गुरुजी?" ते एकदम चिडले. मग सावरून म्हणाले, "म्हंजे, घाई कायले? प्रोसिजर हाये."

पुढच्या तारखेला ते माझ्या स्कूटरवर बसून आले, म्हणून मीही कोर्टात होतो. सुमनबाई लिंबाखालच्या बाकाशी पोचल्या त्या लंगडतच. गुलाबरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बाक झटकला. पिशवीतून डबा काढला. स्वतः केलेली सोले-वांग्याची भाजी होती, तुरीचे ओले दाणे घालून.

"मीठ पाह्य," ते म्हणाले.

"कमी हाये."

"असू दे. तुले बीपी हाये."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तारीख पडली की ही बाई येणार, अर्धा दिवस शेजारी बसणार. आयुष्यभर नियमानं वागलेला हा माणूस मुद्दाम चुकत होता. मला हसू येईना.

सुमनबाईंनाही ते ठाऊक असावं. डबा मिटत त्यांनी विचारलं, "आज काय राह्यलं?"

"फोटो," गुलाबराव खिशावर हात ठेवून म्हणाले.

"माह्यानं आता होत नाई हो. दोन गाड्या बदलून येतो, गुडघे सुजून राह्यले. तुमी घरी चाल म्हनसान, तं मी येनार नाई. मंग कायले बोलावता?"

गुलाबरावांनी डबा पिशवीत ठेवला. मग त्यांनी खिशातून फोटो काढला आणि अर्जाला लावला.

पुकारा झाला. साहेबांनी दोघांना विचारलं. सुमनबाई हो म्हणाल्या. गुलाबराव इतक्या हळू बोलले की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं. "हो साहेब. संमती हाये."

स्टँडवर सुमनबाईंना परत न्यायची दारव्ह्याची गाडी लागत होती आणि ही गर्दी! गुलाबराव गाडीमागं धावले आणि खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून आत फेकला.

"ओ काका, कपडा टाकून जागा भेटत नाई!" कंडक्टर ओरडला.

"भेटते!" गुलाबराव त्याच्या वरताण ओरडले. "बाईचे गुडघे दुखून राह्यले!"

सुमनबाई खिडकीशी बसल्या. दुपट्टा परत द्यायचं त्यांना सुचलं नाही, की त्यांनी दिला नाही, कोण जाणे. गाडी गेली तेव्हा तो त्यांच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी मला नेहमीच्याच वेळी जाग आली. गल्ली शांत होती. ज्या शांततेसाठी मी इतके दिवस कुरकुरलो, ती मला खायला उठली. चहा झाला तरी पुकारा नाही. शेवटी मीच दोन अंगणांमधल्या भिंतीशी गेलो आणि तोंडाशी हात धरून ओरडलो, "गुलाबराव हाजिर हो!"

ते पायरीवर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हाजिर हाये, गुरुजी."

आणि थोड्या वेळानं, "पन आता तारीख नाई."