परतीची नळी

रामलिंग ओतारींनी घरी बांधलेल्या विमानातलं पेट्रोल परत येण्याची सोय झाल्याशिवाय टाकीतून बाहेर पडायला तयार नव्हतं. घरगुती विमानांची तपासणी तेव्हा माझ्याकडे होती, म्हणून मला गडहिंग्लजला जावं लागलं.

टाकीत दोष नव्हता. ॲल्युमिनियमचा पत्रा, सांधे चोख, हवा आत यायला वर बारीक नळी, साठलेलं पाणी काढायला तळाशी चावी. मी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचा कॉक उघडला. पेट्रोल "येतो" म्हणालं आणि जागचं हललं नाही. खरं तर ते नपुंसकलिंगी, पण म्हणालं "येतो"च. अहवालात मी ते तसंच ठेवलं.

"आमच्या घरातनं 'जातो' म्हणून कोण भाईर पडत न्हाई, साहेब," ओतारी म्हणाले. "डब्यातनं टाकीत घालताना हिनंच त्याला सवय लावली."

ही म्हणजे त्यांच्या पत्नी, शेवंताकाकू. त्या टाकीशेजारी स्टुलावर बसल्या होत्या.

एकदा 'येतो' म्हटलं की यायलाच हवं, हे पेट्रोलचं म्हणणं रास्त होतं. ओतारींनी इंजिनापासून टाकीपर्यंत परतीची नळी बसवली. पेट्रोल लगेच निघालं, इंजिनाला भेटलं आणि न जळता घरी आलं. असं चार वेळा झालं.

ओतारी एकोणसत्तर वर्षांचे. विमानाला नऊ वर्षं लागली होती आणि ते एकदाही उडालं नव्हतं. विमान चालवायला लागणारा डॉक्टरांचा दाखला महिनाअखेर संपत होता, छातीच्या दुखण्यामुळे पुढचा मिळणार नव्हता. मला फार वाईट वाटलं.

"परत येणं होणार नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं," मी म्हणालो. "फसवून जाळता येणार नाही."

"माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं ते," ओतारी म्हणाले.

काकूंनी स्टूल पुढे ओढलं आणि टाकीवर हात ठेवला.

"हे बघ बाळा, तू जा. तुला परत यायचं न्हाई. ह्यास्नी यायचं हाय. तू मधूनच माघारी वळलास तर हे वरनं पडतील."

"नक्की येतील, काकू?" पेट्रोलनं विचारलं.

"ते तुझ्यावर हाय."

ओतारींनी परतीची नळी काढली आणि भोक बुजवलं. मी पुन्हा कॉक उघडला. पेट्रोल काहीही न म्हणता खाली उतरलं. इंजिन सुरू झालं आणि मी मंजुरीवर सही केली.

ओतारी गावावरून वीस मिनिटं फिरले आणि माळावर नीट उतरले. काकू धावत गेल्या त्या आधी टाकीपाशी. त्यांनी ती बोटांनी वाजवून पाहिली. मग पदर तोंडाला लावून त्या रडल्या, आणि ओतारी डोक्यावरची टोपी काढून शेजारी उभे राहिले.

त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही. शेजारणीनं पिठलं-भात आणून दिला, तो आम्ही तिघांनी खाल्ला.